पन्नास तासांचा शिक्का

"आधी झाकण उघड, पोरी. बोट बुडव, हुंग, दोन बोटांत चोळून बघ. मग कागदाला हात लाव."

म्वीम्बा काकांचा आवाज अजून माझ्या उजव्या कानाशी असतो. वर्कशॉपच्या खडखडाटात ते त्याच कानाशी वाकून बोलायचे, कारण तेवढं जवळ आल्याशिवाय माझं उत्तर त्यांना ऐकू जात नसे आणि मोठ्याने बोलायची मला सवय नाही. चोमा गावातल्या हबीन्झू ट्रॅक्टर्समध्ये ते तेवीस वर्षं मुख्य मेकॅनिक होते. मी तिथे वॉरंटीचं टेबल सांभाळत असे. नव्या ट्रॅक्टरचं काही मोडलं, की ते कोणामुळे मोडलं याचे कागद मी भरायची. घेणाऱ्यामुळे मोडलं असेल तर घेणारा भोगतो, कारखान्यामुळे मोडलं असेल तर कंपनी भरून देते. या दोघांच्या मध्ये आणखी कोणी असू शकतं, त्याच्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही.

काका गेल्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेले. त्यांच्या जागी साहेबांनी आपल्या मेहुण्याला आणलं. मेहुण्याला पाना आणि चमचा यांतला फरक बरोबर कळतो, कारण चमचा तो रोज वापरतो.

मी रोज सकाळी गुडघे टेकते तेव्हा आज कोणाविषयी वाईट बोलणार नाही असा नेम घेते, आणि संध्याकाळी तो पाळला की नाही ते तपासते. म्हणून फिडेलिस हबीन्झू साहेबांविषयी मी माझ्या पदरचं काही घालणार नाही. पाहिलं तेवढंच लिहीन. तेवढं पुरे आहे.

साहेबांच्या शोरूममध्ये भिंतभर फोटो आहेत. प्रत्येक फोटोत एक नवा ट्रॅक्टर, त्याला बांधलेली रिबन, पांढऱ्या झग्यातले बिशप आणि त्यांच्या हातात ऑलिव्ह तेलाची बाटली. आमच्याकडे ट्रॅक्टर विकला की बिशप येतात, बॉनेटवर तेलाची बोटं ओढतात आणि यंत्राला देवाच्या हवाली करतात. साहेब शेजारी हात जोडून उभे. सगळ्या फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले आहेत आणि सगळ्या फोटोंत तोंड कॅमेऱ्याकडे आहे. मीही प्रार्थना करते. डोळे मिटल्यावर कॅमेरा कुठे आहे हे मला आजवर कधी कळलं नाही.

मे महिन्यात सिमुकांकाच्या बायका ट्रॅक्टर न्यायला आल्या. बावीसजणी होत्या, ट्रकच्या मागच्या हौद्यात उभ्या राहून गात आलेल्या. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या गावातले बैल लागोपाठ दोन सालं साथीत मेले होते. उरले ते पुरुषांचे. पुरुष आधी आपली शेतं नांगरणार, मग भावाची, मग मेहुण्याची, आणि पेरणीचे दिवस सरल्यावर बायकांच्या तुकड्यांकडे वळणार. उशिरा पेरलेल्या मक्याला कणसं येतात ती दात पडलेल्या म्हातारीच्या तोंडासारखी. म्हणून या बावीसजणींनी पाच वर्षं भुईमूग विकला, शेळ्या विकल्या, आणि उसनं-पासनं न करता रोख ट्रॅक्टर घेतला. कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांची पुढारी एस्नार्ट मावशी. साठीची, सडपातळ, पुढचा एक दात नसलेली. ती तरसकुळातली आणि हबीन्झू साहेब शेळीकुळातले. आमच्या टोंगा लोकांत या दोन कुळांचं थट्टेचं नातं आहे. तरसाने शेळीला भर बाजारात काहीही बोलावं, शेळीने तसंच परत करावं, आणि कोणी रागवायचं नाही. रागावेल त्याला दंड. मयताच्या घरी तर हे नातं म्हणजे कामच असतं: घरचे रडत असतात तेव्हा थट्टेच्या कुळातला माणूस येतो, गेलेल्याची नक्कल करतो, शिव्या घालतो, लोकांना रडता रडता हसवतो. त्याशिवाय मयत नीट पार पडलं असं कोणी म्हणत नाही.

बिशपनी बॉनेटवर बोट ओढलं तेव्हा मावशी पुढे झाली.

"ए शेळ्या! एवढंसंच तेल? एवढ्याने माझी टाच भिजायची नाही, आणि तू ट्रॅक्टर भिजवतोस?"

"तरसाला तेल कशाला?" साहेब म्हणाले. "तू तर मेलेलं खातेस. तुला वासच पुरे."

"म्हणूनच तर तुझ्याकडे येते. तू अर्धा मेलेलाच आहेस. बायकोला विचारलं मी."

बावीसजणी ट्रकला धरून हसल्या. बिशपसुद्धा हसले. साहेब हसले तेव्हा मात्र ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. तेवढं एक हसू त्यांचं खरं होतं असं मला वाटतं, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

मग मी वॉरंटीचं पुस्तक टोंगात वाचून दाखवलं. एक वर्ष किंवा हजार तास. पहिल्या पन्नास तासांनी आमचा मेकॅनिक गावात येऊन तेल बदलेल, गाळणी तपासेल, ते फुकट. तसं झालं नाही तर वॉरंटी नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातातल्या पुस्तकावर बोट ठेवलं.

"हे कोण बोलतंय? पुस्तक की तू?"

"पुस्तक, मावशी."

"मग तू काय बोलतेस?"

मी सहसा पुस्तकाबाहेर बोलत नाही. पण सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या.

"काही बिघडलं तर मी बघेन," मी म्हटलं. "कोणी आलं नाही तरी मी बघेन."

"हं," मावशी म्हणाली. "हे ठीक आहे." आणि पुस्तक न घेताच ट्रकवर चढली. मला मागे धावत जाऊन ते तिच्या हातात द्यावं लागलं.

जुलैत सिमुकांकाहून निरोप आला की ट्रॅक्टरच्या तास मोजणाऱ्या घड्याळात एकोणपन्नास तास झाले. मी सर्व्हिसचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

फुकट सर्व्हिसचं असं असतं: मेकॅनिकच्या मजुरीपोटी कंपनी थोडंफार देते, वाटेच्या डिझेलचं काही देत नाही. सिमुकांका बासष्ट किलोमीटर, त्यातले चाळीस मातीचे. म्हणजे प्रत्येक फुकट सर्व्हिस ही साहेबांच्या खिशातून. हे मला कळत नव्हतं असं नाही. म्वीम्बा काका असताना साहेब कुरकुरत का होईना व्हॅन पाठवायचे, कारण काका किल्ली मागायचे नाहीत, उचलायचेच.

"व्हॅन कुठाय?" मी विचारलं.

"लिव्हिंगस्टोनला. लग्नाच्या खुर्च्या आणायला." साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. लुयांडो माझा मुलगा; आमच्याकडे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. "दोनशे खुर्च्या, लुयांडोच्या आई. चोमात मिळतात त्यांना काय खुर्च्या म्हणायचं?"

"मग पुढच्या आठवड्यात पाठवू?"

"पुढच्या आठवड्यात लग्नच आहे. अहो, नव्या ट्रॅक्टरला पन्नास तासांत काय होतंय! लहान मूल महिन्याचं झालं म्हणून कोणी दात तपासतं का? मारा शिक्का."

मी शिक्का मारला.

एवढंच वाक्य आहे. त्याला 'पण' जोडायचा मी पुष्कळ संध्याकाळी प्रयत्न केला. जोडता आला नाही. झाकण उघडलं नव्हतं, बोट बुडवलं नव्हतं, आणि कागदाला हात लावला. तारीख, सही, 'पन्नास तासांची सर्व्हिस पूर्ण' असा निळा गोल शिक्का. एक प्रत वॉरंटीच्या पुस्तकात चिकटवायला सिमुकांकाला गेली. मावशीला वाचता येत नाही. तिला वाटलं पावती असेल.

सप्टेंबरच्या शेवटी ट्रॅक्टर दुसऱ्याच्या ट्रकवर बांधून अंगणात आला. घड्याळात एकशे अडतीस तास. गिअर टाकला की आतून दगड भरडल्यासारखा आवाज, आणि मग चाक हलेना. मेहुण्याने कान लावला आणि "आवाज येतोय," असं निदान केलं.

आठवड्याने राजधानीहून, लुसाकाहून, कंपनीचे तपासनीस आले. मिस्टर चिसेंगा. तरुण, उत्तरेकडचे, टोंगा न येणारे, आणि असे पांढरे बूट घातलेले की वर्कशॉपमध्ये ते प्रत्येक पाऊल देवाची परवानगी काढून टाकत होते. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. गिअरबॉक्सच्या झाकणापाशी थांबले. मला वाटलं, आता उघडतील. त्यांनी झाकणाचा फोटो काढला.

मी माझ्या टेबलाशी होते, दारातून चार पावलांवर. मावशी आणि आणखी दोघी सकाळपासून व्हरांड्यात बसून होत्या, मक्याच्या आंबवलेल्या चिब्वांटूचा पिण्याचा डबा मध्ये ठेवून. चिसेंगा साहेबांनी इंग्रजीत विचारलं, की यात तेल कोणतं वापरलं. 'ऑइल' तेवढं मावशीला कळलं. तिने हबीन्झू साहेबांकडे पाहिलं. समोर शेळीकूळ, विषय तेलाचा. अशी आयती संधी कोण सोडतं?

"विचारतो काय त्याला! शेळ्याच्या बिशपचंच तेल! दुसरा थेंब शिवू दिला नाही आम्ही. बाटली घेऊन रोज सकाळी पाजत होतो, पोरगं पाजावं तसं. म्हणून तर मेला!"

दोघीजणी हसल्या. साहेबांच्याही ओठांवर सवयीने हसू आलं. मी ते पाहिलं.

"काय म्हणाल्या त्या?" चिसेंगांनी विचारलं.

साहेबांच्या ओठांवरचं हसू तिथेच थांबलं. मी त्यांच्याकडे दहा वर्षं काम केलेलं आहे. हिशेब करताना त्यांचा डावा डोळा जरासा बारीक होतो. तो झाला.

"त्या म्हणतात," साहेब इंग्रजीत सावकाश बोलले, "की त्यांनी फक्त बिशपच्या बाटलीतलं तेल वापरलं. दुसरं कुठलंही वापरलं नाही."

शब्दाला शब्द. फक्त हसू वगळून.

चिसेंगांची बोटं हातातल्या फोनच्या काचेवर टपटप चालू लागली. "ऑलिव्ह तेल? गिअरबॉक्समध्ये?"

"असं त्या म्हणतात बुवा."

"आणि पन्नास तासांची सर्व्हिस?"

मावशीला हेही कळलं असावं, कारण ती उठून उभी राहिली. "कोणी आलं नाही. सांग त्याला. रोज वाट पाहिली, कोंबडी बांधून ठेवली होती मेकॅनिकसाठी. शेवटी आम्हीच खाल्ली."

साहेबांनी याचं भाषांतर केलं नाही. पुस्तक उघडून निळा शिक्का दाखवला. चिसेंगांनी शिक्क्याचा फोटो काढला आणि मावशीकडे पाहून मान हलवली, खोटं बोलताना सापडलेल्या मुलाकडे शिक्षक पाहतात तशी. त्यांच्या लोकांतही असली थट्टेची नाती असतात, मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या घरातलं हसू ओळखायला चार घटका तिथे बसावं लागतं, आणि बसलं की पांढरे बूट मळतात.

आणि मी? मी चार पावलांवर बसून होते. माझ्या हाताखाली शिक्का होता. मी गप्प होते, आणि त्या दिवशी संध्याकाळी नेम तपासताना माझ्या लक्षात आलं की मी आज कोणाविषयीही वाईट बोललेली नाही. नेम पूर्ण झाला होता. इतकी शरम मला नेम मोडल्याचीही कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, ती थट्टा होती."

"मी कुठे म्हटलं नव्हती? पण मी खोटं काय बोललो? एकेक शब्द तिचा."

"हो. हसू तेवढं गाळलंत."

"कंपनीच्या फॉर्मवर हसायला जागा कुठाय, लुयांडोच्या आई?" ते खुर्चीत मागे रेलले. लिव्हिंगस्टोनच्या खुर्च्यांतली एक त्यांनी ऑफिसात आणून ठेवली होती. "तुम्हाला काय जातंय बोलायला? वरून कंपनी दाबते, खालून गिऱ्हाईक ओढतं, मी मध्ये. सुटे भाग मागितले की तीन महिने. भिंतीचा रंग त्यांना हवा तोच. वर्षाला इतके ट्रॅक्टर विका, नाहीतर एजन्सी काढून घेऊ. आणि आता त्यांना कळलं की सर्व्हिस झालीच नव्हती, तर? एजन्सी जाईल. एजन्सी गेली की मी गेलो, तुम्ही गेलात, तो मेहुणा गेला."

मेहुणा जाण्याचं दुःख मी सहन केलं असतं. 

"त्या बायकांचं काय?"

"बावीसजणी आहेत त्या! गिअरबॉक्सचा खर्च बावीस जागी वाटला तर एकेकीच्या वाट्याला असं कितीसं येतं? आणि हे बघा, मी काही अगदीच हा नाही. बिशपना सांगतो. तिच्या ट्रॅक्टरवर पुन्हा एकदा प्रार्थना करतील. फुकट."

फुकट म्हणताना त्यांनी हात असा पसरला, की कोणी बघत असतं तर फोटो चांगला आला असता.

कंपनीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. मी मावशीला ते टोंगात वाचून दाखवलं: 'मान्यता नसलेलं तेल वापरल्याचं ग्राहकाने स्वतः कबूल केलं असल्यामुळे दावा नामंजूर.' ती आधी खो-खो हसली. तिला वाटलं ही शेळ्याची परतफेड आहे, चांगली जमलीय. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं हळूहळू थांबलं. ओला कपडा वाळवताना शेवटचं पाणी निथळतं तसं.

"तो समजला होता ना?" तिने विचारलं. "शेळ्या. त्याला तरी कळलं होतं ना?"

"हो."

ती पत्र न घेताच गेली. या वेळी मी मागे धावले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेबांची आई वारली. ऐंशी वर्षांची, चांगली बाई. गावाकडे, बाटोकाच्या पुढे त्यांच्या घरी मयत ठेवलं होतं. मी गेले. अंगणात पुरुषांच्या शेकोट्या, घरात बायका, एक बैल कापलेला, बिशप फोल्डिंगच्या खुर्चीत. दोनशे खुर्च्या कामी आल्या होत्या.

दुपारी एस्नार्ट मावशी आली.

सगळ्यांनी वाट करून दिली. तरसकुळाची माणसं आली की रडण्याला खंड पडतो. लोक डोळे पुसून तयार होतात. पोक्त माणसं गालात हसायलाही लागली. कोणीतरी म्हातारीची जुनी काठी आणि चष्मा काढून ठेवला होता, मावशीला नकलेसाठी. ती आत आली, शवाशेजारी बसली, डोक्याला गुंडाळलेलं रंगीत चिटेंगं सारखं केलं आणि गप्प राहिली.

लोक थांबले. एका म्हाताऱ्याने सुरुवात करून दिली, "काय ग, तरसाची दाढ दुखते वाटतं?"

मावशीने काठी-चष्म्याला हात लावला नाही.

"शेळी समोर मेलीय आणि तरस उपाशी!" दुसरा म्हणाला. हसू आलं नाही. मग अंगणातही ती शांतता पसरली. शेकोट्यांपाशी बसलेली माणसं एकेक करून घराकडे बघायला लागली. थट्टेच्या कुळातला माणूस मयताला आला आणि मुका बसला, हे आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. शिव्या देणं हे नातं आहे. शिव्या न देणं म्हणजे तू माझा कोणी नाहीस, आणि तेही तुझ्या आईच्या मढ्यापाशी.

साहेबांना बोलावून आणलं. ते आत आले, मावशीपुढे बसले, रीतीप्रमाणे ओंजळ करून टाळी वाजवली. कपाळावर घाम होता.

"मावशी, आईला बोल काहीतरी. तिच्या काठीची नक्कल कर. मला शिव्या घाल. हवं ते बोल. लोक बघतायत."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, चर्चमध्ये बोलावं तशी म्हणाली:

"हबीन्झू साहेब, आपल्या मातोश्री फार चांगल्या होत्या. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

आपल्या. साठ वर्षांच्या त्या बाईने आजवर शेळीकुळातल्या कोणाला 'तुम्ही'सुद्धा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.  चिसेंगा तिथे असते तर त्यांनी लिहून घेतलं असतं: ग्राहकाने सांत्वन केलं. तिथे बसलेल्या एकालाही मात्र भाषांतराची गरज पडली नाही.

"असं नको करूस," साहेब पुटपुटले. "मावशी, असं नको ग."

"आपल्याशी बोललेलं कागदावर जातं, साहेब. म्हणून जपून बोलते."

बिशपनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले नाहीत.

नंतर विहिरीपाशी मावशी भांडी घासत होती. मयताच्या घरचं काम तिने टाळलं नव्हतं, फक्त हसू आणलं नव्हतं. मी शेजारी बसून राख घेतली.

"माझं तोंड वाईट आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सगळ्या सिमुकांकाला माहीत आहे. पण आजवर कोणी त्याची साक्ष केली नव्हती. आता सगळ्याजणी मला म्हणतात, तुझ्या थट्टेने ट्रॅक्टर घालवलास. त्या खोट्या नाहीत. दोन आठवड्यांत पेरणी. काल दोघीजणी दिराच्या दारात उभ्या राहिल्या, बैलांसाठी. दीर म्हणाला, बिशपला विचारा."

भांडं घासून संपलं होतं तरी ती घासत होती.

"त्या पुस्तकात शिक्का आहे. कोणाचा ग तो?"

"माझा, मावशी."

"कोणी आलं होतं?"

"नाही."

तिचा हात थांबला.  तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण आमच्या दोघींच्या कुळांत तसं नातं नाही, आणि ती आता कोणालाच फुकट काही देत नव्हती.

"तेव्हा ट्रकपाशी तू पुस्तकाबाहेरचं एक बोलली होतीस," एवढंच ती म्हणाली.

"आठवतं मला."

"हं." तिने भांडं पालथं घातलं. "मला वाटलं, विसरली असशील."

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. गुडघे टेकले. कोणाविषयी वाईट बोलणार नाही हा नेम त्या दिवशी घेतला नाही. त्याऐवजी पाहिलेलं सांगेन एवढंच म्हटलं, आणि देवाला त्यात काही वावगं वाटलं असेल तर त्याने मला तसं जाणवू दिलं नाही.

शोरूम उघडायला तासभर होता. पहारेकऱ्याने मला आत सोडलं. ट्रॅक्टर कुंपणापाशी उभा होता, बॉनेटवर बिशपच्या बोटाचा डाग धुळीने जाड झालेला. मी गिअरबॉक्सचं झाकण उघडलं. ते सहज निघालं. दोन फेरे, बस. चिसेंगांच्या बुटांना काही झालं नसतं. बोट बुडवलं. हुंगलं: जळका वास, ऑलिव्हचा मागमूस नाही. दोन बोटांत चोळलं. बोटांवर बारीक रुपेरी चुरा चमकला, माशाच्या खवल्यांसारखा. बेअरिंग पहिल्यापासून झिजत आलेलं. पन्नास तासांना कोणी गाळणी काढली असती तर त्यात हाच चुरा दिसला असता, आणि कंपनीने मुकाट्याने नवं बेअरिंग दिलं असतं. म्वीम्बा काकांना तो एका बोटावर दिसला असता.

जॅमची एक धुतलेली बाटली मी घरून आणली होती. ती भरली, झाकण घट्ट लावलं. टेबलाच्या खणातून व्हॅनची नोंदवही काढली; जुलैच्या त्या तारखेला 'लिव्हिंगस्टोन, खुर्च्या' असं मेहुण्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. त्याचं अक्षर चांगलं आहे, हे मला म्हटलंच पाहिजे. मग निळा शिक्का घेतला. कंपनीच्या नावे माझ्या हाताने लिहिलेला एक कागद आधीच पिशवीत होता. त्यात शेवटी लिहिलं होतं: शिक्का मी मारला, मी पाहिलं नव्हतं.

फाटकात साहेबांची गाडी वळली. त्यांनी काच खाली केली. मयताचा काळा पट्टा अजून दंडावर होता.

"सकाळी सकाळी? कुठे निघालात?"

"लुसाकाला, साहेब."

"खरेदी?"

"नाही."

त्यांचा डावा डोळा जरासा बारीक झाला. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, ट्रॅक्टरकडे. तोंड उघडलं. मी थांबले, कारण कोणाचं बोलणं अर्धवट टाकून जाऊ नये असं मला शिकवलेलं आहे.  उन्हाचा पहिला पट्टा काचेवर आला तेव्हा त्यांनी सवयीने तोंड उजेडाकडे केलं, एवढंच.

"येते मी," मी म्हटलं.

रस्त्यापलीकडे लुसाकाची बस लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. पिशवी आडवी होऊ नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडला.